रक्त पातळ करायची गोळी

गारखेड्यात दवाखाना टाकल्यापासून माझ्याकडं एकाच गोळीचे इतके किस्से साठलेत की औषधांचं कपाट कमी पडावं. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर लकवा टाळायला बहुतेकदा ॲस्पिरिन पुरत नाही, रक्त पातळ करायची जोरकस गोळी लागते. हे मला पटलेलं असतं. पेशंटला पटवायचं असतं!

चितेगावच्या दूधवाल्या काकांना तासभर समजावलं. काका गंभीर झाले. म्हणाले, "साहेब, पातळ केलं की डेअरीवाले दूध परत करतात. पातळ रक्त कोण घेईल?"

*

पालेभाजी वाढली की या गोळीचा असर कमी होतो, म्हणून एका निवृत्त गुरुजींना कागदावर लिहून दिलं, 'मेथी, पालक एकदम वाढवू नका.' पुढच्या तपासणीत गोळीचा असर गायब!

"गुरुजी, मेथी-पालक वाढवलं?"

"दोन्हीला हातसुद्धा लावला नाही. रोज करडईची भाजी खातो."

"अहो, तीही पालेभाजीच!"

गुरुजींनी खिशातून माझा कागद काढला, पेन चालवलं आणि पुढं सरकवला. खाली लाल शाईत शेरा होता, 'उत्तर अपूर्ण.'

*

एका मावशींच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. विचारलं, तर माझ्या गोळीसोबत ॲस्पिरिनही चालू!

"जावयानं आणली. जावयाला नाय कसं म्हणावं? तुम्हीच सांगा त्याला."

मी ॲस्पिरिन बंद केली आणि चिडूनच फोन लावला. जावई म्हणाला, "तिथं राहिली व्हय? आठ दिवस झाले, माझी गोळी शोधतोय!"

*

आणि सोयगावचे बापू. मेंढरं राखणारा हट्टी माणूस. "ॲस्पिरिन घेतो. दुसरी नाय." तपासणीला नाय, बायकोनं हात जोडले तरी नाय.

एका सकाळी बापूंचं तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. बायकोनं क्षणही न दवडता जीप करून शहरातल्या इस्पितळात आणलं, म्हणून वाचले. पण शब्द फुटेना. ती माउली आठ दिवस उशाशी बसून होती.

नवव्या दिवशी मी राउंडला गेलो. ती बापूंचा हात धरून विचारत होती, "आता डॉक्टर देतील ती गोळी घ्याल ना?"

बापूंचे ओठ हलले. "व्हय."

मला इतका आनंद झाला! पण ती ताडकन उठली अन् रडत माझ्याकडं आली.

"डॉक्टर, डोक्याचा फोटो परत काढा! चाळीस वर्षांत ह्यो माणूस मला व्हय म्हणला नाय!"