ताडपत्रीवरचा रिकामा जोड

वत्सलाताई शेळके यांची आणि माझी पहिली ओळख "चपला काढ" या दोन शब्दांवर झाली. मी खरं तर लोणारला सरोवर बघायला निघालो होतो. अमडापूरच्या अलीकडे एसटीच्या खिडकीतून माळावर एक गाव दिसलं. पुढून बघाल तर कुडाच्या भिंती, गवताची छपरं. मागून नुसते बांबू आणि प्लायवूड. मी तिथंच उतरलो. लोणार अजून राहिलंच आहे. सेटच्या तोंडाशी ताई उभ्या होत्या. माझ्या पायांकडे बघून त्या म्हणाल्या,

"चपला काढ."

"काऊन?"

"पिच्चर जुन्या काळचा हाय. त्या वक्ताले रबरी चपला नोत्या बे."

"मी कुठं पिच्चरमधी हाय?"

"नाही तं हो. मले एक मानूस कमीच हाय."

तेव्हापासून मी त्यांच्या माणसांतला आहे. आज ताई साठ वर्षांच्या झाल्या, त्यांच्यावर अंक निघतो आहे, आणि त्यात माझंही चार शब्दांचं पान आहे. संपादकांनी मला बजावलं आहे की फाटे फोडू नकोस. प्रयत्न करतो.

चित्रपटात जत्रा भरते, मोर्चा निघतो, गाव पळत सुटतं. ती माणसं सकाळी कुणीतरी घरोघर जाऊन गोळा केलेली असतात. आपल्या भागात ते काम ताई करतात. ताई मेथी-पालक पिकवतात आणि बाजारात स्वतः बसून विकतात, त्यामुळे कोणत्या घरात किती माणसं आणि कोण कोणाशी बोलत नाही हे त्यांना पाठ. पहिली फिल्म कंपनी माणसं शोधत आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं. ताईंचं एक म्हणणं मी सतत ऐकत आलो आहे: "मानसं गोळा करनं सोपं हाय. जशी नेली तशी घरी पोचवनं, ते काम."

त्यासाठी त्यांची स्वतःची पद्धत आहे. कॅमेऱ्याच्या मागे त्या एक ताडपत्री अंथरतात. प्रत्येकानं आपल्या चपला तिथं घराघराप्रमाणे ओळीत काढायच्या, शॉट झाला की पळत येऊन आपापल्या जोडात उभं राहायचं. ताई तोंडांकडे बघतच नाहीत, पाय बघत जातात. एकही जोड रिकामा नसला की हात वर करतात, आणि मगच आम्ही हलायचं. पहिल्यांदा मला हे शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटलं होतं. (शाळा मी प्रार्थनेपुरतीच नीट केली.)

दुसरा त्यांचा नेम रडण्याच्या दृश्यांचा. ज्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल, त्या घरची बाई तसल्या दृश्याला त्या नेत नाहीत. एकदा असिस्टंट साहेबांना एका बाईंचा चेहरा फार आवडला. त्यांचे यजमान त्याच पावसाळ्यात गेले होते. साहेब म्हणाले, "यांना ग्लिसरीनसुद्धा लागणार नाही." ताई म्हणाल्या, "म्हनूनच नाही." आणि त्यांना लग्नाच्या दृश्यात अक्षता वाटायला उभं केलं. माझ्यासारख्या भटक्यालाही त्या भाकरी वाढायच्या आधी विचारतात, "मायले फोन केला का?" नसेल केला तर ताट हातात तसंच धरून उभ्या राहतात.

आता त्या दिवसाचं सांगतो. ज्या चित्रपटाचं नाव आज सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे, त्यातलं गाव जळतं तो दिवस. सेट एकदाच जळतो, दुसऱ्यांदा शॉट नाही. दिग्दर्शक साहेबांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. भिंतींमागून गॅसच्या नळ्या फिरवल्या होत्या, बंबवाले तयार होते. आम्ही घरांतून बाहेर पळायचं, कॅमेऱ्याला वळसा घालून ताडपत्रीवर यायचं आणि चिडीचूप उभं राहायचं. मग रिकामं गाव जळत राहणार, मोठ्या घराचं छप्पर कोसळणार, तेव्हा साहेब 'कट' म्हणणार. सेटवर कट फक्त दिग्दर्शकानं म्हणायचा असतो. हिरो धडपडला तरी दुसरं कोणी तो शब्द काढत नाही.

आमच्यात जिजामाय होत्या. वय झालेलं, कान मंद. त्यांचा मुलगा नको म्हणत होता. पण जिजामायनी ताईंचा पदर धरला होता, "एक डाव मले पिच्चरमदी दिसू दे वं, नातवाले दाखवीन." ताईंनी मुलाला शब्द दिला, "माह्या हातानं घरी आनून सोडीन." जिजामायला मोठ्या घराच्या दारात उभं केलं होतं.

ॲक्शन झाली. आग अशी भडकली की पाठ पोळली. आम्ही पळालो, ओरडलो, वळसा घातला, आपापल्या चपलांत येऊन उभे राहिलो. पुढे नुसता बांबू तडकण्याचा आवाज. ताई ओळीवरून पाय बघत चालल्या होत्या. शेवटाला थांबल्या. निळ्या पट्ट्याची, अंगठ्याशी हिरव्या दोऱ्यानं शिवलेली चप्पल. जिजामायची. जोड रिकामा होता.

ताई पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेल्या आणि पुन्हा तिथंच येऊन थांबल्या. असिस्टंट साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. कॅमेरे चालू होते. मोठ्या घराचं छप्पर एका बाजूला कलू लागलं होतं. ओरडलं तर सगळ्यांची किती महिन्यांची मेहनत गेली, आणि नाही ओरडलं तर...

"जिजामाय! अवं जिजामाय!"

तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"बंद करा! मानूस हाय आत! कट! कट!"

आणि ताई आगीकडे धावल्या. दोघांनी त्यांना धरलं. गॅस बंद झाला, पाण्याचे फवारे सुटले, ओली घोंगडी पांघरून दोन जण आत शिरले. बाहेर आले, मान हलवली, पुन्हा आत गेले. ते दुसऱ्यांदा बाहेर पडले आणि मागे छप्पर कोसळलं. कॅमेरे तोवर बंद झाले होते. ताई धरलेल्या हातांतच खाली बसल्या.

तेवढ्यात कपड्यांच्या टेम्पोमागून आवाज आला,

"वत्सले, काऊन बोंबलून राह्यली वं?"

जिजामाय! हातात चामड्याच्या वहाणा. म्हातारी कॅमेऱ्याच्या जवळ, म्हणून कपडेवाल्यानं ऐनवेळी तिला कंपनीच्या जुन्या धाटणीच्या वहाणा घातल्या होत्या आणि बजावलं होतं, शॉट झाला की पहिले इथं जमा करायच्या. म्हातारी आगीतून निघाली ती सरळ टेम्पोपाशी.

"चामड्याच्या हायेत. हरपल्या तं म्हनतीन म्हातारीनं नेल्या."

ताईंनी जिजामायचे दोन्ही पाय हातांनी चाचपून पाहिले, घोट्यापर्यंत.

मग साहेब आले.

"ताई, सेटवर कट कोण म्हणतं?"

"तुमी."

"मग?"

"चुकलं साहेब. म्हातारी बाहीर होती, मले समजलं नाही. पन असा जोड पुन्यांदा रिकामा दिसला, तं मी पुन्यांदा वरडन. मले कामावर ठेवाचं का नाही ते तुमी पाहा."

साहेब आवाजाच्या यंत्रापाशी गेले, कानाला हेडफोन लावून तसेच बसून राहिले. परतीच्या टेम्पोत जिजामाय एकदा म्हणाल्या, "चाय भेटलाच नाही." ताईंनी त्यांना हाताला धरून दारात सोडलं.

पुढे चित्रपट आला. तुम्ही पाहिला असेल. गाव जळतं, माणसं पळून जातात, रिकामी घरं पेटत राहतात, आणि कुठून तरी एका बाईची हाक येते, "जिजामाय!" पडदा काळा होतो. छप्पर पडताना दिसतच नाही. टॉकीजमध्ये त्या क्षणाला कोणी खोकतसुद्धा नाही. ती हाक कोणत्या नटीची असं लोक विचारतात. ती कुणी लिहिली नव्हती. साहेब पुढच्या चित्रपटासाठी जिल्ह्यात आले तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "इथं कट दोघं म्हणू शकतात. एक मी, आणि एक ताडपत्रीपाशी उभ्या आहेत त्या."

ताईंनी मात्र ते दृश्य कधी पूर्ण पाहिलेलं नाही. आग दिसली की उठून टॉकीजच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहतात. मी एकदा म्हटलं, "ताई, जिजामाय तं बाहेर होत्या ना, आता काय भेव?"

त्या म्हणाल्या, "तुले मालूम हाय बे. त्या पडद्यावर मले अजून मालूम नाही."

ताई, सत्काराच्या दिवशी सभागृहाच्या दारात आमच्या सगळ्यांच्या चपला असतील आणि तुमचं लक्ष भाषणांपेक्षा तिकडेच राहणार, हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळे असेच तेज राहोत, आणि आयुष्य एवढं मोठं लाभो की आमची पोरंही तुमच्या ताडपत्रीवर चपला काढतील. आम्ही कुठंही भटकलो तरी पळत येऊन आपापल्या जोडात उभे राहू. तुम्ही हात वर करेपर्यंत कोणी हलणार नाही.