ग्रहणात चिरलेलं काशीफळ

द्वारकाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पृथ्वी गोल आहे हे त्या गावातल्या बायांमध्ये तिलाच पहिल्यांदा कळलं. कळलं ते नवऱ्यामुळं. बद्रीनाथ मास्तर मंठ्याजवळच्या एका गावात सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शिकवायचे. निजामाचं राज्य होतं, भूगोलाला जुगराफिया म्हणायचे आणि तो उर्दूतून शिकवायचा हुकूम होता. पोरं न समजता घोकायची. वर्गात ऐकणारं कुणी नसल्यानं मास्तरांचं मन भरायचं नाही. मग घरी आले की ते बायकोला मराठीत सगळं सांगायचे.

एकदा त्यांनी शेतातून आलेलं काशीफळ, तांबडा भोपळा, चुलीपुढं ठेवलं. "बघ, अशी असती पृथ्वी. वर-खाली जराशी चापट, मधी फुगलेली. स्वतःभवती फिरती म्हणून दिवस-रात होती. आन् फिरत फिरत सूर्याला वळसा घालती, त्याचं एक वर्ष."

"मंग रांजणातलं पाणी सांडत कसं न्हाई?"

मास्तर हसले. "रांजण, पाणी, तू, मी, समदेच संगं फिरून राह्यलो. परतूरहून आगगाडीत बसल्ती तवा मांडीवरचा तांब्या सांडला का?"

नव्हता सांडला. द्वारकाला ते पटलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर उभं राहून तिनं पायाखालची जमीन सरकताना जाणवते का ते बघितलं. काही जाणवलं नाही, तरी दिवसभर तिला हलकं हलकं वाटत राहिलं. अख्ख्या गावात आपल्याशी असं बोलणारा नवरा आपल्यालाच मिळाला, याचाही तिला अभिमान होता.

त्या साली वटपौर्णिमेच्या संध्याकाळी चंद्र ग्रासलेलाच उगवला. द्वारका पोटुशी होती. सासू साळूबाईनं तिला घरात बसायला सांगितलं. काही कापायचं नाही, काही चिरायचं नाही. मास्तरांनी कंदिलापुढं काशीफळ धरून भिंतीवरची सावली दाखवली.

"पृथ्वीची सावली चंद्रावर पडली, बस. राहू न्हाई न् केतू न्हाई. सावलीनं कुणाचं वाकडं झालंय? चल अंगणात. घे विळी, ह्याच पृथ्वीची भाजी कर."

साळूबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं आणि जप सुरू केला. द्वारका अंगणात बसली. फोडी करता करता तिनं वर पाहिलं. चंद्रावरच्या अंधाराची कड खरंच वाकडी होती, काशीफळाच्या सावलीसारखी. बुटक्या भिंतीपलीकडून शेजारणी बघत होत्या. बघू देत, तिला वाटलं.

सुगीच्या दिवसांत ती बाळंत झाली. मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला होता. नूरबी सुईणीनं लेकरू पुसून घेतलं. तिनं कापसाची वात दुधात बुडवली आणि लेकराच्या तोंडात पिळली. साळूबाई मात्र उंबऱ्यात जाऊन गळा काढून रडली, आणि अंधार पडायच्या आत गावभर झालं.

त्याच महिन्यात गावातल्याच सगुणाबाईला मेलेलं मूल झालं. ग्रहणात ती अंधाऱ्या खोलीत, हातात दर्भ धरून, जागची न हलता बसली होती. तिच्या ग्रहणाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

गावानं पोरं मदरशात धाडायचं बंद केलं. कारभारी पाटलानं मारुतीच्या पारावर मास्तरांना बोलावलं. बाया लांब उभ्या होत्या. त्यांच्यात मुलीला पदराखाली घेऊन द्वारकाही होती.

"मास्तर, तुमचं शिकवणं हे असं लेकराच्या तोंडावर उमटलं," पाटील म्हणाला. "आता आमची पोरं कशी धाडावी? तालुकदार साहेबाकडं तक्रार करावी म्हणून राह्यलेत लोक."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग सावकाश म्हणाले, "मी तिला घरात बसायला सांगितलं होतं. तिनं ऐकलं न्हाई."

बायांनी वळून द्वारकाकडं पाहिलं. तिनं पदर लेकरावर आणखी ओढला. बोलली असती तरी पारावर बाईचं कुणी ऐकलं नसतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "मंग सावलीचं काय? ते खोटं व्हतं का?"

"खोटं न्हाई," मास्तर टोपी खुंटीला लावत म्हणाले. "पृथ्वी फिरायची ती बराबर फिरती. नोकरी गेली तर खाशील काय तू?"

पोरं पुन्हा मदरशात येऊ लागली. मास्तर जुगराफिया शिकवतच राहिले, पृथ्वी गोलच राहिली, पोरं पास होत गेली. घरी मात्र त्यांनी बायकोशी बोलणं टाकलं. पुढं त्यांची जालन्याला बदली झाली. आईला घेऊन ते गेले, द्वारकाला नंतर नेतो म्हणाले, आणि तिथं दुसरी केली.

द्वारका मंठ्याला भावाकडं आली. लोकांच्या वाकळा शिवून तिनं मुलगी वाढवली. नंदा तिचं नाव. नंदाला बोलताना शब्द नाकातून फुटायचे, म्हणून ती फारसं बोलायचीच नाही. तोंडाला पदर लावून वागायची. मागण्या आल्या त्या परत गेल्या. शेवटी मस्तगडातल्या एका बिजवरानं करून घेतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी नंदानं विचारलं, "आई, तू खरंच विळी धरल्ती?"

द्वारकानं सगळं सांगितलं. सूर्य, पृथ्वी, सावली, कंदील, काही गाळलं नाही. इतक्या वर्षांत तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं आणि एक शब्द विसरली नव्हती.

नंदानं ऐकून घेतलं. "सावली समद्यावर पडल्ती. मंग माझाच ओठ का फाटला?"

हे मास्तरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे. आईजवळ उत्तर नाही म्हटल्यावर नंदानं गावाचं उत्तर धरलं.

दुसऱ्या साली मस्तगडाहून निरोप आला. नंदाला दिवस गेले होते. बाळंतपण सासरीच करणार होते. आईनं येऊ नये, तिची सावली लेकरावर नको, असं नंदानंच सांगून पाठवलं होतं. शिवून ठेवलेलं दुपटं द्वारकानं निरोप्याच्या हाती दिलं. ते त्यानं घेतलं, पण घरी पोचल्यावर कुणाचं म्हणून सांगू, असं त्यानं तिला दोनदा विचारलं.