'मे आय' म्हणेपर्यंत दारातच

आज महाडच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासमध्ये सरांनी मला दारात उभं ठेवलं. पोलादपूरहून एसटी उशिरा निघाली होती. मी धावत पोचले आणि विचारलं, "सर, कॅन आय कम इन?"

"कॅन नाही, मे. परवानगी मागायची रीत नसते वाटतं तुमच्या डोंगरात?"

सगळा वर्ग हसला. बरोबर म्हटल्यावरच आत घेतलं.

व्याकरण त्यांचं बरोबर आहे, तेच शिकायला मी जाते. पण रीत त्यांनी काढू नये. हेच सर उन्हाळ्यात विद्यार्थी गोळा करत आमच्या वाडीवर चढून आले होते. कुणाला न विचारता सरळ ओटीवर येऊन टेकले. आईनं आधी गूळपाणी दिलं आणि मग विचारलं, कुठले तुम्ही. आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी आधी, नाव-गाव नंतर.

मग रीत कुणाला नाही, तुम्हीच सांगा.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. म्हटलं, ते पुन्हा आले तर काय करशील?

आई भाकरी थापत होती. "पानी देईन गो. तहानलेल्याला नाय कसं म्हनू? पन बसा म्हननार नाय."