दिवसाची कुरकुर

थोरला रंगारी आणि धाकटा रंगारी, दोघे सख्खे भाऊ. मोठी भिंत एकट्यानं रंगवू नये, हे त्यांनी बापाकडून उचललेलं. एकानं वरून रोलर आणायचा, दुसऱ्यानं खालून भिडायचं, तेही वरचा काठ ओला असेतो. उशीर झाला की सांधा दिसतो, आणि दिसलेला सांधा जन्मभर डोळ्यांत खुपतो.

संध्याकाळी ब्रश धुताना दोघांचा एक नेम होता. प्रत्येकानं मनातली एक कुरकुर बाहेर काढायची. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, नुसतं "बरं" म्हणायचं. सल्ले घरी पोत्यानं मिळत. "बरं" कुठे मिळत नसे. दोघे हलके होऊन घरी जात.

धाकटा गेला. चालताबोलता गेला. थोरल्यानं दुसरा जोडीदार घेतला नाही. भिंतींवर सांधे दिसू लागले, कामं तुटू लागली. मग एके सकाळी भावजयच पदर खोचून शिडीपाशी येऊन उभी राहिली.

"दादा, खालची बाजू मी धरते."

"तुला जमायचं नाही."

"तुम्हाला तरी कुठे जमतंय? कालची भिंत बघितली मी. ठिगळं लावल्यासारखी दिसते."

कितीतरी दिवसांनी थोरला हसला. त्या दिवशी भिंत एकसंध उतरली.

ब्रश धुताना तीच म्हणाली, "आता कुरकुर. ठाऊक आहे मला तुमचं. आधी माझी. मला ह्यांचा राग येतो. दुखत होतं, तर सांगायला तोंड नव्हतं का?"

थोरल्यानं "बरं" म्हणायचं होतं. पण गेलेल्या भावावर खोटा आळ कसा राहू द्यायचा?

"सांगितलं होतं त्यानं," तो म्हणाला. "मला. असेच ब्रश धूत होतो. छातीत दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, बरं."

नळ वाहत राहिला. आता ही दोन शिव्या देईल, रोलर फेकून निघून जाईल, असं त्याला वाटलं. तसं व्हावं, असंही वाटलं.

"कधी?"

"जायच्या आदल्या आठवड्यात."

ती पालथ्या डब्यावर बसली. हातावरचा रंग नखानं खरवडत राहिली.

"रोज विचारायचे मी, कसं वाटतंय. मस्त, म्हणायचे." तिनं नखातला रंग झटकला. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं. मला तेवढंही नाही."

थोरल्यानं बसल्याबसल्याच नळ बंद केला. दोघांपैकी उठलं मात्र कुणीच नाही.