हवालदार दत्तक गेला

लढाई संपून आमचे मालक रहिमतपूरला घरी आले तेव्हा त्यांच्या बाहीवर हवालदाराच्या तीन पट्ट्या होत्या, घरात पाच वर्षांचा मुलगा होता आणि कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. अशा माणसाला कुणी दत्तक घेईल असं मला सांगितलं असतं तर मी हसले असते. पुढं हसलेही, पण ते भर मांडवात, पदर तोंडात कोंबून.

माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामंजींचे, एक चुलतभाऊ सांगलीला होते. वाटण्या होऊन केव्हाच वेगळे झालेले. नदीकाठी हळदीचं आणि उसाचं रान होतं. पहिली बायको गेल्यावर त्यांनी उतारवयात दुसरं लग्न केलं आणि मूलबाळ न होताच ते वारले. मागं राहिल्या त्या काकी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि मालकांपेक्षा चांगल्या पाच-सहा वर्षांनी लहान.

तेव्हाचा कायदा विधवेला फार मान द्यायचा. जमीन तिच्या नावावर चढायची. फक्त तिनं ती मनाला येईल तशी विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, आणि ती मेली की सगळं नवऱ्याच्या भाऊबंदांकडं परत. थोडक्यात, जन्मभर राखण करायची आणि वर मालकीण म्हणवून घ्यायचं. काकींनी बांधावरची एक बाभळ तोडली, तर मामंजी रहिमतपूरहून सांगलीला जाऊन "आमच्या झाडाला हात लावला" म्हणून भांडून आले. काकी जिवंत, धडधाकट, आणि झाड आमचं!

मामंजींची अडचण एवढीच होती की वारसा मिळायला आधी काकींनी मरायला हवं होतं. त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. मामंजी साठीला टेकलेले, त्यात दमा. सांगलीहून परत आले की मी विचारायची, "काकी कशा आहेत?" ते तोंड पाडून म्हणायचे, "बरी हाय की. लय बरी हाय."

मग त्यांना दत्तकाची युक्ती सुचली. विधवेनं मुलगा दत्तक घेतला की तो मेलेल्या बापाचा लेक ठरतो आणि इस्टेट त्याच दिवसापासून त्याची होते. कुणाच्या मरणाची वाट बघायला नको. मामंजी अचानक चुलतभावाच्या आठवणीनं रडायला लागले. "भावाचा वंश बुडतोय, त्येला पाणी कोण देणार?" त्याच भावाशी त्यांनी कैक वर्षं बोलणं टाकलं होतं. द्यायला त्यांनी कुणाला काढलं? माझ्या मुलाला.

"माझं पोर मी द्यायची न्हाई," मी चुलीपुढनं म्हणाले.

"तुला कोण इचारतंय?"

तेव्हा मालक बोलले. "आबा, पोराचा बाप मी हाय. द्यायचा तर मी देणार. आन् मी देत न्हाई."

हे ऐकून मामंजींनी दोन दिवस अन्न सोडलं. दत्तकाचा निरोप काकींना आधीच गेला होता; तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच आल्या. सोप्यावर बसल्या, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "भावजी, दत्तकाला माझी ना न्हाई. पर पोर नगं. ह्यो थोरला द्या." आणि त्यांनी मालकांकडं बोट केलं. मालक बशीतला चहा फुंकत होते. तो तसाच धोतरावर सांडला.

"आगं, त्येचं लगीन झालंय!" मामंजी ओरडले.

"आपल्या मुलखात चालतंय. लगीन झाल्यालाबी चालतो, आईपरास थोरलाबी चालतो. वकिलाला इचारून आलीया."

मामंजींच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग विचार आला आणि मग हळूहळू ऊन पडावं तसा आनंद पसरला. लहान पोर वयात यायला किती वर्षं थांबायचं? हा तर आजच कर्ता आहे, आणि बापाच्या शब्दाबाहेर नाही. "भावासाठी काळजावर दगड ठेवतो," ते म्हणाले.

मागं स्वयंपाकघरात काकींनी मला खरं कारण सांगितलं. "ल्हान पोर घेतलं तर त्येचा आजा पालक म्हणून माझ्या सोप्यावर वरसानुवरसं ठाण मांडून बसंल. थोरला घेतला तर म्हातारा आपल्या घरी ऱ्हाईल. आन् तुझा नवरा गुणाचा हाय. फौजेत हुकूम ऐकायची सवय लागलीया."

मालकांनी रात्री मला विचारलं, "जाऊ का?" मला विचारलं हीच मोठी गोष्ट होती. कायद्याला माझं मत नकोच होतं. नवरा दत्तक गेला की बायको त्याच्या ट्रंकेबरोबर आपोआप जाते.

सांगलीला मांडव पडला. विधी सुरू व्हायच्या आधी काकी पंचांपुढं उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "माझ्या जिवात जीव हाय तंवर जमीन माझ्या हातात. माझ्यामागं त्येची. कबूल असंल तर पुढं चला." मामंजींनी माशी वारल्यासारखा हात हलवला. "कबूल, कबूल." बाईमाणसाच्या बोलण्याची त्यांना सवय नव्हती. मालकांनीही कबूल म्हटलं, तसा कागदही झाला.

मग भटजी म्हणाले, "मुलाला मांडीवर बसवा."

मुलगा उंचीनं दाराच्या चौकटीला लागणारा. तो आला, वाकला, आणि सगळा भार स्वतःच्या टाचांवर ठेवून काकींच्या गुडघ्याला नुसता टेकला. घामानं निथळत होता. काकी समोरच्या खांबाकडं एकटक बघत होत्या. भटजी म्हणाले, "नीट बसा. पोरगं आईला लाजतं काय?" मालकांचा गुडघा कडकन वाजला आणि बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. ती मी होते.

मामंजींनी लेकाचा हात काकींच्या हातात दिला, वर पाणी सोडलं, तोंडात साखर पडली, आणि माझे यजमान माझ्या सासऱ्यांचे पुतणे झाले. संध्याकाळी काकींनी आईपण निभावायचं म्हणून विचारलं, "जेवलास का रं?" मालक म्हणाले, "व्हय, काक..." आणि दोघंही लाजून दोन वाटांनी निघून गेले.

मामंजी मात्र तिथंच राहिले. दुसऱ्या दिवसापासून गड्यांवर ओरडायला लागले. हळद कधी काढायची, कुठं शिजवायची, कुणा व्यापाऱ्याला घालायची. काकींनी दोन दिवस ऐकून घेतलं. मग विचारलं, "भावजी, तुमी कोण?"

"कोण म्हंजी? त्येचा बाप!"

काकींनी भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीकडं बघितलं. "त्येचा बाप त्यो. तुमी चुलता. पाव्हणा म्हणून खुशाल ऱ्हावा, पर माझ्या गड्यांना हुकूम सोडू नगा."

मामंजींनी मालकांकडं बघितलं. मालक जमिनीकडं बघत उभे राहिले. पंचांपुढं दिलेला शब्द मोडायचा नाही हेही त्यांना बापानंच शिकवलं होतं. मामंजी त्याच दिवशीच्या गाडीनं रहिमतपूरला परतले.

आमचा मुलगा तेव्हा रहिमतपूरला माझ्या जावेपाशी होता. त्याला न्यायला आम्ही गेलो, तर मामंजी दारातच उभे. मधल्या दिवसांत ते साताऱ्याला वकिलाकडं जाऊन आले होते. "पोरगा मिळायचा न्हाई. दत्तकाच्या आदी जल्मलेला ल्योक जुन्या घरातच ऱ्हातो. कायदा हाय."

मला तेव्हा पाचवा महिना होता. मी पोटावर हात ठेवून विचारलं, "आणि हे?"

"ते तिकडचं."

म्हणजे कडेवरचं इकडचं आणि पोटातलं तिकडचं. एवढा शहाणा कायदा करणाऱ्यांनी मला मधोमध चिरायचं तेवढं शिल्लक ठेवलं होतं. मी हसण्यावारी नेलं नाही. ओट्यावर बसून ढसाढसा रडले. मालक बापाच्या अंगावर जातील असं वाटलं, पण त्यांनी फक्त पागोटं काढून हातात घेतलं आणि गल्लीत येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी मी मुलापाशी राहिले, ते एकटे सांगलीला गेले. ज्या घरात मी लग्न करून आले, तिथं आता कोण म्हणून राहत होते, ते मलाही सांगता आलं नसतं.

आठवडाभरात काकी आल्या. मामंजींपुढं बसून अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुमचं बराबर हाय. पोरगा तुमच्याच घरचा. मी इचारून घेतलं."

मामंजी खुलले. "मग?"

"मग काय? त्येचा बाप गेला आमच्याकडं. बापाच्या जागी ह्या घरात आता त्यो उभा. वाडवडिलांच्या जमिनीत त्येचा हिस्सा. त्येची आई त्येच्या वतीनं वाटणी मागंल. आजच अर्ज द्यावा म्हंते मी. काय गं सूनबाई?"

मला काही कळलं नव्हतं, पण मी मान हलवली. आत माझ्या दिराच्या हातातली चरवी खाली पडली. मामंजींना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, "ल्हान लेकरू आईबिगर कसं ऱ्हाईल? मीच म्हणणार हुतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला स्वतःच्या खांद्यावरनं स्टेशनात आणलं आणि वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

पोटातली मुलगी निघाली. ती कुठल्या घरची, हे ठरवायला कुठलाच वकील आला नाही. तिला दोन्हीकडं काही मिळायचं नव्हतं.

मामंजी दीड-दोन वर्षांनी गेले. तार आली तेव्हा मालक उसाच्या रानात होते. ते तसेच चिखलाच्या पायांनी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अग्नी धाकटा देईल. मला अधिकार न्हाई." काकी म्हणाल्या, "नसू द्या. तेरावा हुईस्तवर तितंच ऱ्हावा. हितलं मी बघते." त्या दिवशी त्या पुन्हा त्यांना अहो-जाहो करत होत्या.

मालक सगळे दिवस रहिमतपूरला राहिले. चितेपाशी धाकट्याच्या मागं, पुतण्यांच्या रांगेत उभे होते. तिथल्या जमिनीला माझ्या मुलाचं नाव काकाच्या नावाखाली लागलं. परत आले तेव्हा डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवलेली होती. ते लहान पोरासारखे दिसत होते. काकींनी बघितलं आणि आत जाऊन ताट वाढलं.