धोटा परत येईपर्यंत

काकांना कुठलंही गाणं ऐकवा, ते आधी कापड सांगत. डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "हा टॉवेल हाये साहेब. विणला का झालं." एखादं आवडलंच तर, "हे लुगडं हाये. काठ पहा याचा." आम्हा तिघा शिकलेल्यांना तासभर वाद घालून जे सांगता येत नसे, ते काका एवढ्यात आटपून पुन्हा तंबाखू मळायला लागत.

त्यांचं नाव शंकर गोविंदा धकाते. ते मी आधीच लिहून टाकतो, कारण जिथे सांगायला हवं होतं तिथे मी सांगितलं नाही.

आमच्या बँडचं नाव 'तीन किनारे'. समुद्रापासून इतक्या लांबच्या नागपुरात असं नाव ठेवणं म्हणजे जरा अगाऊपणाच. पण कॅरिबियन बेटांवरचं, आफ्रिकेतलं आणि लॅटिन अमेरिकेतलं संगीत एकत्र करून वाजवायचं वेड आम्हाला लागलं होतं. प्रताप नगरात माझ्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी सकाळी आमचा सराव चाले. गिटार माझी, बास आणि ट्रम्पेट दोघा मित्रांचे. गाडी अडायची ती तालापाशी.

काका मला सापडले कळमेश्वरच्या कारखान्यात. मी तिथे सुपरवायझर, ते पॅकिंगला. त्याआधी अर्धं आयुष्य उमरेडला हातमागावर बसलेले. माग थांबला तसे इकडे आले. कँटीनमध्ये डबा संपला की त्यांची बोटं टेबलावर सुरू होत आणि टेबलाखाली पाय काही वेगळंच चालवत. हाताचा पायाशी मेळ नाही असं वाटे, आणि मग चार फेऱ्यांनी दोन्ही नेमके एका जागी येऊन भेटत. मी त्यांना घरी बोलावलं आणि कोंगा, म्हणजे कमरेएवढा उभा ढोल, पुढ्यात ठेवला. त्यांनी चामड्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "ताणा चांगला बसला हाये याचा."

क्युबाकडच्या संगीतात पाच ठोक्यांचा एक ताल आहे. त्यातल्या रिकाम्या जागी आम्ही तिघंही हटकून घाई करायचो. काका पहिल्याच दिवशी तिथे बरोबर थांबले. "तुम्ही इथं काहून पळून राहिले? धोटा तिकडं गेला हाये. त्याले परत तं येऊ द्या." धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. त्या दिवसापासून आम्ही तालातल्या प्रत्येक रिकाम्या जागेला धोटाच म्हणू लागलो.

"काका, हा क्युबाचा ताल आहे बरं," ट्रम्पेटवाला चिडवायचा.

"असन गा. उमरेडहून नेला असन त्यांनी."

मग सदरमधल्या एका हॉटेलानं रविवारच्या दुपारच्या जेवणावेळी वाजवायला आम्हाला बोलावलं. मॅनेजरनं फोनवर विचारलं, "ग्रुप में कोई फॉरेनर है क्या?" काका रंगानं काळे, केस कुरळे आणि पांढरे, हसणं रुंद. मी "हो" म्हणालो. विचार करायला एक क्षणही लागला नाही, हेच मला आज सलतं.

फुलाफुलांचा शर्ट आणि गवताची टोपी मीच आणली. पाहुण्यांना सांगायचं नाव मीच ठरवलं, 'पापा कोंगा'. काकांना म्हणालो, "तुम्ही फक्त हसायचं, बोलायचं नाही."

"काहून? माझं बोलणं बिघडलं का?"

"लोकांना मजा येते काका."

त्यांनी टोपी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "तसंही माग चालू असला का कोन बोलते."

चार-पाच रविवार झाले. टाळ्या पडत होत्या. लोक त्यांच्यासोबत फोटो काढत आणि इंग्रजीत काहीबाही विचारत, काका हसत. तोंड न उघडता कसं हसायचं, तेही मीच त्यांना गच्चीवरच्या आरशासमोर करून दाखवलं होतं.

मग तो रविवार. टेम्पोतून सामान उतरवताना काका म्हणाले, "साहेब, आज पोरगी येऊन राहिली. सासूले घेऊन. माह्या बापाचा बँड पाहा म्हनते. आज तेवढं माझं नाव सांगजा."

"बघतो," मी म्हणालो.

मॅनेजर समोरच उभा होता. मी माइक धरला आणि म्हणालो, "सातासमुद्रापलीकडून आलेले पापा कोंगा!"

कार्यक्रम संपल्यावर मुलगी स्टेजपाशी आली. मागे सासूबाई, नव्या साडीत; मुलगी त्यांना आत्याबाई म्हणे. "बाबा, आत्याबाई भेटाले थांबल्या." मॅनेजर दोन हातांवर उभा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बोलू का, एवढंच त्या नजरेत होतं. मी मान खाली घालून गिटारच्या खुंट्या पिळत राहिलो. गिटार पूर्ण सुरात होती.

काका हसले. तोंड मिटून, मी शिकवलं तसं. मुलीनं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला, काठाला काठ लावून घडी घालावी तशी त्याची घडी घातली आणि माझ्या हाती दिली. "ताल राहू द्या तुमच्यापाशी साहेब. मी माझं तोंड घेऊन जातो."

पुढे निवृत्त होईपर्यंत ते कारखान्यात येत होते. मला पाहिलं की "नमस्कार साहेब" म्हणत. पण कँटीनमध्ये डबा संपला की हात मांडीवर ठेवून बसत. बोटं हलत नसत. माफी मागायला मी तीनदा त्या टेबलापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा भाजी कशी आहे ते विचारून परतलो.

मागच्या महिन्यात काका गेले. तेरवीला गेलो. फोटोला हार, बाजूला एक जुना धोटा ठेवलेला. मुलीनं मला ओळखलं. सगळ्यांदेखत, नाव-आडनाव घेऊन माझी ओळख करून दिली. "बाबा यांच्यासोबत वाजवत."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे त्या दिवशी हॉटेलात यांच्यासोबतच वाजवत होते ना वं? मग आमच्याशी बोलले काहून नाही? मले वाटलं, आमचा राग हाये."

मुलगी माझ्याकडे पाहत थांबली. तिनं ती जागा माझ्यासाठी रिकामी सोडली होती.

मी हसलो. तोंड मिटून.

आत्याबाई, निदान इथे लिहितो, त्यांना तुमचा राग नव्हता. बोलू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं.