या जेवाले

भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर एकोडीची बस अजून लागायची होती. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी डबा उघडला, घास उचलण्याआधी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या जेवाले."

आपल्याकडे जेवणारा असं म्हणतोच. ऐकणाऱ्यानं "होऊ द्या" म्हणायचं आणि दुसरीकडे बघायचं. पण मी नुकताच पाचवीच्या वर्गात आदिमानव शिकवून आलो होतो. शिकार वाटून खाल्ली म्हणून टोळी टिकली, हे अजून डोक्यात घोळत होतं. त्या तंद्रीत मी "हो" म्हणालो आणि जवळ सरकून बसलो.

बाई थबकल्या. मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. डब्याच्या झाकणात भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि एक मिरची वाढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"जिंदगीभर साऱ्यायले म्हणत आली," त्या म्हणाल्या, "खरंच बसणारे तुमीच पयले."

मी लाजलो, पण पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना सांगितलं, आदिमानवाच्या शेकोटीजवळ "या जेवाले" कुणीतरी म्हणालंच असेल. समाज मात्र सुरू झाला तो दुसरा खरंच बसला तेव्हा.